जावक क्रमांक नसलेली पत्रे

सरकारी कचेरीत कधी अर्ज दिलेल्या माणसाला ‘बारनिशी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दाराजवळचे टेबल, त्यावर दोन जाडजूड वह्या, एक आवक आणि एक जावक. साहेबांची सही झाली म्हणून कागद कचेरीबाहेर जात नाही. त्याला जावक क्रमांक पडला की तो जातो. वहीतल्या एका ओळीत क्रमांक, तारीख, कुणास, विषय आणि कशाने पाठवले एवढेच असते. पत्र पोहोचले का, वाचले गेले का, याबद्दल ती ओळ काहीच बोलत नाही. तरीही वाद झाला की सगळे त्याच ओळीकडे धावतात.

आता आपली बहुतेक कामाची पत्रे ईमेलने येतात. विजेचे बिल, थकलेल्या हप्त्याची आठवण, सभेची नोटीस, परीक्षेचे प्रवेशपत्र. ही पत्रे कुणी माणूस बसून लिहीत नाही. प्रोग्राम ती तयार करतो आणि प्रोग्रामच ती पाठवतो. त्या प्रोग्रामच्या दाराशी बारनिशीचे टेबल असते का? आपोआप नसते, मुद्दाम बसवावे लागते. ते बसवायला जी चीज लागते तिला प्रोग्रामर ‘लायब्ररी’ म्हणतात. हे पुस्तकांचे घर नव्हे. एकदा लिहून ठेवलेला आणि कुठल्याही मोठ्या प्रोग्रामला उसना देता येणारा तयार भाग, इतकाच त्याचा अर्थ. ‘आधी कुणाला काय पाठवले’ हे लक्षात ठेवणारी लायब्ररी शे-दोनशे ओळींत बसते. पायथॉन भाषेत लिहायची तर पत्र पाठवणारा भाग आणि एसक्यूलाइट नावाची छोटी नोंदवही, दोन्ही भाषेसोबत फुकट मिळतात. बाहेरून काही आणावे लागत नाही. पण त्या शे-दोनशे ओळी लिहायला बसले की एकेक प्रश्न असा पुढे येतो, की वाटते हे काम संगणकाचे कमी आणि दस्तऐवजाचे जास्त आहे.

कुणी म्हणेल, ईमेलमध्ये ‘सेंट’चा कप्पा असतोच की. असतो, पण तो जावक वही नव्हे. आपण टिचकी मारतो तेव्हा साधारणपणे दोन वेगळी कामे होतात. एक, पत्र पाठवणाऱ्या सर्व्हरच्या हवाली होते. दोन, पत्राची एक प्रत आपल्याच टपालपेटीतल्या ‘सेंट’ कप्प्यात ठेवली जाते. जुन्या धर्तीच्या टपाल-प्रोग्राममध्ये ही कामे दोन वेगळ्या भाषांत, अनेकदा दोन वेगळ्या सर्व्हरांशी बोलून होतात. त्यामुळे पत्र गेले पण प्रत राहिली नाही, असे होऊ शकते. प्रत ठेवली म्हणून पत्र पोहोचलेच, असेही नाही. आणि रात्री दोन वाजता हजार सभासदांना सूचना पाठवणाऱ्या प्रोग्रामला तर ‘सेंट’ कप्पा बहुधा नसतोच.

या जातीचा सगळ्यात जुना आणि अजून वापरात असलेला नमुना पाहायचा तर कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात जावे लागते. तिथे एरिक ऑलमन याने १९८३ साली ‘व्हेकेशन’ नावाचा एक चिमुकला प्रोग्राम लिहिला. हाच ऑलमन ‘सेंडमेल’चा कर्ता, जगातले ईमेल बरीच वर्षे ज्या प्रोग्राममधून वाहत होते तो सेंडमेल. व्हेकेशनचे काम एकच: मालक सुटीवर असताना येणाऱ्या पत्रांना ‘मी अमुक तारखेपर्यंत नाही’ असे परस्पर उत्तर देणे.

सोपे वाटते. पण समजा, दोन मित्र एकाच वेळी सुटीवर गेले आणि दोघांनीही असा प्रोग्राम लावून ठेवला. पहिल्याचे ‘मी नाही’ दुसऱ्याकडे गेले, दुसऱ्याच्या प्रोग्रामने उत्तर दिले ‘मीही नाही’, त्यावर पहिल्याने पुन्हा ‘मी नाही’. मालक परत येईपर्यंत, किंवा टपालपेटी भरून वाहेपर्यंत, हा संवाद चालू. म्हणून व्हेकेशन एक लहानशी नोंदवही बाळगतो. मालकाच्या घरच्या फोल्डरमध्ये ती पडून असते. तिच्यात पत्र पाठवणाऱ्याचा पत्ता आणि त्याला शेवटचे उत्तर कधी दिले ती वेळ, एवढेच. एका पत्त्याला आठवड्यातून एकापेक्षा जास्त उत्तर जात नाही. हा अवधी कमीजास्त करता येतो. ‘अनंत’ असेही सांगता येते, म्हणजे एकदा कळवले की पुन्हा कधीच कळवायचे नाही. शिवाय काही पत्रांना मुळीच उत्तर द्यायचे नाही असा नियम आहे: टपाल परत करणाऱ्या सर्व्हरचे पत्र, एकगठ्ठा छापाची पत्रे, आणि ज्यात मालकाचे नाव ‘प्रति’ किंवा ‘प्रत रवाना’ या ओळींत नाही ती पत्रे. आपल्या कार्यालयांत मुरलेल्या कारकुनाला जे शहाणपण वीस वर्षांनी येते ते या प्रोग्रामला पहिल्याच दिवशी दिलेले होते.

बर्कलीच्या त्या आज्ञावलीत एक जागा मला फार महत्त्वाची वाटते. पत्ता वहीत आहे का ते पाहिले जाते. नसेल, किंवा आठवडा उलटला असेल, तर आधी वहीत नवी वेळ लिहिली जाते, वही बंद केली जाते, आणि त्यानंतर उत्तर पाठवले जाते. आधी नोंद, मग पत्र. हा क्रम उलटाही करता आला असता. तो तसा का नाही, आणि कुठे उलटाच हवा, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

त्यासाठी ईमेल प्रत्यक्षात हातातून हातात कसे जाते ते पाहू. १९८२ च्या ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी टपालाचे नियम एका दस्तऐवजात लिहून ठेवले. नंतर त्यांत सुधारणा झाल्या, पण सांगाडा तोच आहे. देणारा सर्व्हर घेणाऱ्याला म्हणतो, मी अमका. पाठवणारा तमका. कुणासाठी, तर ह्यांच्यासाठी. प्रत्येक वाक्यावर घेणारा एक तीन आकडी उत्तर देतो. मग देणारा म्हणतो, आता मजकूर घे. घेणारा ३५४ म्हणतो, म्हणजे ‘सांग’. मजकूर संपला हे कळावे म्हणून शेवटच्या ओळीवर एकटा पूर्णविराम ठेवायचा. त्यावर घेणारा म्हणतो २५०, म्हणजे ‘घेतले’. चाराने सुरू होणारे उत्तर आले तर ‘आता नको, नंतर ये’. पाचाने सुरू होणारे आले तर ‘हे चालणार नाही’.

२५० हा आकडा म्हणजे रजिस्टरवर घेतलेली सही. तो उच्चारला की पत्राची जबाबदारी घेणाऱ्या सर्व्हरवर येते. नियमच तसे सांगतो: ही जबाबदारी गंभीरपणे घ्यावी, यंत्र मध्येच बंद पडले असल्या किरकोळ कारणाने पत्र हरवू नये. ते पुढे पोहोचवता आले नाही तर तसे कळवणेही त्याच्याच माथी. आणि २५० ऐकू येईपर्यंत जबाबदारी देणाऱ्याची.

आता पेच बघा. देणाऱ्याने तो शेवटचा पूर्णविराम पाठवला. घेणाऱ्याने पत्र जपून ठेवले आणि २५० म्हटले. पण नेमकी त्याच क्षणी जोडणी तुटली. देणाऱ्याला २५० ऐकू आलेच नाही. त्याच्या दृष्टीने पत्र अजून त्याच्याच हातात आहे. म्हणून प्रामाणिकपणे तो थोड्या वेळाने ते पुन्हा पाठवतो. घेणाऱ्याकडे एकाच पत्राच्या दोन प्रती. कुणाचीच चूक नाही. क्रेग पार्ट्रिज यांनी १९८८ मध्ये या एकाच घोटाळ्यावर एक छोटे टिपण लिहिले. घेणारे सर्व्हर २५० म्हणण्याआधी पत्र वाटायच्या मागे लागतात, त्यात वेळ जातो, देणारा वाट पाहून कंटाळतो आणि प्रती वाढतात, असे त्यात दाखवले. उपाय साधा होता: आधी पोच द्या, मग वाटपाचे बघा. आजच्या नियमातही देणाऱ्याने त्या शेवटच्या उत्तरासाठी निदान दहा मिनिटे थांबावे असे म्हटलेले आहे. एवढ्या एका आकड्यासाठी इतका धीर धरायला दुसऱ्या कुठल्याच टप्प्यावर सांगितलेले नाही.

हा घोटाळा कमी करता येतो, संपवता येत नाही. ते सिद्ध झालेले आहे. १९७५ साली तीन संशोधकांनी दोन टोळ्यांची गोष्ट सांगून ते मांडले, आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी टोळ्यांच्या जागी सेनापती आणले. तेव्हापासून त्याला ‘दोन सेनापतींचा पेच’ म्हणतात. दोन टेकड्यांवर दोन फौजा, मध्ये खोऱ्यात शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय. निरोप न्यायचा तर जासूद खोऱ्यातूनच जाणार, आणि तो पकडला जाऊ शकतो. पहिल्याने ‘उद्या पहाटे’ असा निरोप धाडला. पोहोचला का, हे त्याला पोच आल्याशिवाय कळणार नाही. दुसऱ्याने पोच धाडली. ती पोहोचली का, हे त्याला पोचेची पोच आल्याशिवाय कळणार नाही. कितीही जासूद धावले तरी शेवटच्या जासुदाचे काय झाले हे त्याला धाडणाऱ्याला माहीत नसतेच. बिनभरवशाच्या वाटेवर दोघांनाही पूर्ण खात्री देणारी पत्रव्यवहाराची रीत नाही. हुशार प्रोग्रामर मिळाला नाही म्हणून नव्हे. ती असूच शकत नाही.

म्हणून नोंद ठेवणाऱ्या लायब्ररीपुढे दोनच वाटा उरतात. आधी वहीत ‘पाठवले’ लिहायचे आणि मग पाठवायचे: मध्येच वीज गेली तर पत्र जात नाही, पण दुसऱ्यांदा तर नक्कीच जात नाही. किंवा आधी पाठवायचे आणि मग लिहायचे: मध्येच वीज गेली तर वहीत नोंद नाही, प्रोग्राम पुन्हा पाठवणार, पत्र दोनदा जाणार. ‘जास्तीत जास्त एकदा’ आणि ‘कमीत कमी एकदा’. ‘नेमके एकदा’ हा माल कुणी विकत असेल तर त्याची जाहिरात नीट वाचावी.

ऑलमनने पहिली वाट घेतली आणि ती तिथे बरोबर आहे. सुटीचे उत्तर एखाद्याला न मिळाल्याने जग बुडत नाही. दोन प्रोग्राम एकमेकांना रात्रभर उत्तरे देत बसले तर मात्र बुडते. वाढदिवसाच्या शुभेच्छा, जाहिराती, ‘आमचा नवा दिवाळी अंक आला’ ही सारी त्याच जातीची पत्रे. नोटिशीचे तसे नाही. नोटीस दोनदा मिळाली तर माणूस कुरकुरतो. मिळालीच नाही तर त्याचा हक्क जातो.

माझ्या माहितीतल्या एका गृहनिर्माण संस्थेत हे दोन्ही प्रकार लागोपाठ झाले. नाव घेण्यात अर्थ नाही, अशा संस्था गल्लोगल्ली आहेत. सभेची नोटीस दीडशेच्या आसपास सभासदांना ईमेलने जायची. एका वर्षी प्रोग्राम मध्येच थांबला, कार्यालयातल्या मुलाने पुन्हा कळ दाबली, आणि यादीतल्या वरच्या लोकांना नोटीस दोनदा गेली. आरडाओरडा झाला. संगणकाचे काम पाहणाऱ्याने तोड काढली: काम सुरू होताच ‘या सभेची नोटीस पाठवली’ अशी एक खूण करायची, म्हणजे दुसऱ्यांदा कळ दाबली तरी काही जाणार नाही. पुढच्या वर्षी प्रोग्राम पुन्हा मध्येच थांबला. खूण झालेली होती. यादीतल्या खालच्या लोकांना नोटीस गेलीच नाही, आणि त्या सभेत पुनर्विकासाचा ठराव होता. पुढे काय झाले असेल ते मुंबई-पुण्याच्या वाचकाला सांगायला नको. कार्यालयाच्या दप्तरात नोटीस ‘पाठवली’ होती. गठ्ठ्याला क्रमांक पडला होता, पत्रांना नव्हता.

हे इतके तपशिलाने सांगायचे कारण असे, की इथे लागणारी दुरुस्ती अगदी लहान आहे. खूण गठ्ठ्यावर नको, माणसावर हवी. आणि ‘पाठवले / नाही पाठवले’ असे दोनच रकाने पुरत नाहीत. निदान चार हवेत: पाठवायचे ठरले, पाठवायला घेतले, पलीकडच्या सर्व्हरने २५० म्हणून घेतले, नाकारले. यातला दुसरा रकाना सगळ्यात मोलाचा. प्रोग्राम कोसळून पुन्हा उठला आणि एखादी ओळ ‘पाठवायला घेतले’ या स्थितीत अडकलेली दिसली, तर ती खरी संशयाची जागा. तिथे काय करायचे ते पत्राच्या जातीवरून ठरवावे: शुभेच्छा असतील तर सोडून द्यावे, नोटीस असेल तर पुन्हा पाठवावी. संशय हा संशय म्हणून वहीत उतरला पाहिजे. बहुतेक प्रोग्राम तो ‘पाठवले’मध्ये ढकलून मोकळे होतात.

पुन्हा पाठवताना एक गोष्ट मात्र कटाक्षाने करावी. प्रत्येक ईमेलच्या माथ्यावर, आपल्याला सहसा न दिसणारी, ‘मेसेज-आयडी’ नावाची एक ओळ असते. जगात एकमेव असावा असा तो क्रमांक, @ चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे दोन तुकड्यांचा. हाच ईमेलचा जावक क्रमांक. ‘आपले पत्र क्र. अमुक, दि. तमुक यास अनुसरून’ असे आपण लिहितो, तसे उत्तराच्या माथ्यावर मूळ पत्राचा हा क्रमांक जातो आणि त्यावरूनच तुमच्या पडद्यावर पत्रांची साखळी जुळते. कष्ट न घेणारा प्रोग्राम हा क्रमांक पाठवण्याच्या क्षणी नवा पाडतो. मग दुसऱ्यांदा गेलेले तेच पत्र पलीकडे नवे पत्र ठरते. त्याऐवजी पत्र पाठवायचे ठरले तेव्हाच क्रमांक पाडून वहीत लिहून ठेवावा, आणि कितीदाही पाठवले तरी तोच वापरावा. कारण घेणाऱ्याच्या बाजूलाही कुणीतरी वही धरून बसलेले असू शकते. कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेला ‘सायरस’ हा टपाल-सर्व्हर आलेल्या पत्रांचे हे क्रमांक लक्षात ठेवतो आणि तोच क्रमांक त्याच टपालपेटीसाठी पुन्हा आला तर दुसरी प्रत ठेवत नाही. युनिक्सवरच्या ‘फॉरमेल’ या छोट्या हत्यारालाही असे करायला सांगता येते. जावक वही आणि आवक वही, दोन्हींत एकच क्रमांक. बारनिशीची जुनीच रीत.

आता ‘तेच पत्र’ म्हणजे कुठले? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. मजकूर अक्षरशः सारखा असेल तर तेच, असे म्हणावे तर मजकुरात आजची तारीख घातली की रोज नवे पत्र होते. पत्ता आणि विषय सारखा असेल तर तेच म्हणावे, तर ‘मासिक देयक’ या विषयाची बारा पत्रे एकच ठरतात आणि अकरा देयके जात नाहीत. व्हेकेशनच्या पुढच्या पिढीत या प्रश्नाला उत्तर शोधलेले दिसते. २००८ साली ‘सीव्ह’ या टपाल चाळणाऱ्या भाषेसाठी सुटीच्या उत्तराचा नियम ठरला. त्यात म्हटले आहे, की कुणाला उत्तर दिले एवढेच नव्हे तर कुठले उत्तर दिले तेही लक्षात ठेवावे. त्यासाठी मजकुराचा ठसा, म्हणजे गणिताने काढलेली छोटी आकडेवारी, साठवली तरी चालेल. म्हणजे दिवाळीच्या सुटीचे उत्तर मिळालेल्याला आजारपणाच्या रजेचे उत्तर वेगळे मिळते. आणि ज्याला ठशावर भरवसा ठेवायचा नाही त्याला उत्तराला स्वतःहून नाव देण्याची सोय आहे; मजकुरात एखादा शब्द बदलला तरी नाव तेच, म्हणून उत्तर तेच.

माझे मत या दुसऱ्या सोयीच्या बाजूने आहे. ‘तेच पत्र’ कुठले हे यंत्राने मजकुरावरून ओळखू नये, धंदा जाणणाऱ्या माणसाने सांगावे: ‘सभासद क्रमांक ११४, वार्षिक सभा २०२५, नोटीस’. ही तीन पदे मिळून एक किल्ली, आणि एसक्यूलाइटला बजावून ठेवायचे की ही किल्ली वहीत दुसऱ्यांदा येऊ देऊ नकोस. मग दोन कारकुनांनी दोन संगणकांवरून एकाच क्षणी कळ दाबली तरी दुसऱ्याची ओळ वहीच नाकारते. प्रोग्रामरने ‘आधी पाहा, नसेल तर लिही’ असे दोन पायऱ्यांत केले तर त्या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीतून दुसरा घुसतो; म्हणून पाहणे आणि लिहिणे एकाच घावात व्हायला हवे. किल्लीत ईमेल पत्ता घालू नये. सभासद पत्ता बदलतो. माणूस तोच राहतो.

पत्र २५० होऊन गेल्यानंतर काय कळू शकते? थोडेच. पत्ता चुकीचा निघाला, पेटी भरलेली असली, तर पत्र परत आल्याची सूचना येते; १९९६ मध्ये या सूचनांना यंत्राला वाचता येईल असा ठरावीक साचा मिळाला, त्यामुळे लायब्ररी ती वाचून योग्य ओळीपुढे ‘परत’ असा शेरा मारू शकते. मात्र ही सूचना त्याच क्षणी येईल असे नाही. घेणारा ‘नंतर ये’ म्हणत राहिला तर देणाऱ्याने निदान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावे असा संकेत आहे, म्हणजे ‘पोहोचले नाही’ हे सहाव्या दिवशीही कळू शकते. चौदा दिवसांच्या नोटिशीत सहा दिवस असे गेले तर ते कुणाच्या खात्यावर टाकायचे, हे आधीच ठरवलेले बरे.

‘वाचले’ याची पोच १९९८ पासून मागता येते, पण ती द्यायची की नाही हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर आहे आणि तसेच असावे. ती मर्जी डावलण्यासाठी जाहिरातवाल्यांनी पत्रात डोळ्याला न दिसणारे एका ठिपक्याचे चित्र घालण्याची युक्ती काढली: पत्र उघडले की चित्र त्यांच्या सर्व्हरवरून मागवले जाते आणि त्यांना सुगावा लागतो. मला हा प्रकार पाकीट उघडताना कुणी खिडकीतून डोकावावे तसा वाटतो. सुदैवाने आता तो पुरावा म्हणूनही कुचकामी झाला आहे. जीमेल २०१३ च्या अखेरीपासून चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणते, आणि ॲपलने २०२१ पासून, वापरणाऱ्याने ती सोय स्वीकारली तर, पत्र उघडले असो वा नसो, चित्रे आधीच आणून ठेवायला सुरुवात केली. ‘उघडले’ या रकान्यात पडलेली खूण माणसाची की यंत्राची, हे सांगता येत नाही. आपल्या लायब्ररीत हा रकाना ठेवूच नये.

मग कायद्याला काय पुरते? इथे आपल्याकडचा धागा बराच जुना आहे. १८७२ च्या करार कायद्याचे चौथे कलम म्हणते, की स्वीकृतीचे पत्र स्वीकारणाऱ्याच्या हाताबाहेर, म्हणजे टपालात पडले, की प्रस्ताव देणारा बांधला जातो; ते पत्र त्याला अजून मिळालेले नसले तरी. पत्रपेटीच्या तोंडाशी करार पुरा. टेलिफोन आल्यावर हाच प्रश्न खामगावच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सरकीच्या पेंडीचा सौदा, प्रस्ताव अहमदाबादहून, होकार खामगावहून, सगळे फोनवर. करार झाला कुठे? १९६५ मध्ये निकाल लागला. बहुमत म्हणाले, फोनला टपालाचा नियम लागत नाही, होकार जिथे ऐकू आला तिथे, म्हणजे अहमदाबादेत करार झाला. न्या. हिदायतुल्ला यांचे मत वेगळे पडले. कायद्याचे शब्द जसे आहेत तसे घेतले तर होकार जिथून सुटला ते खामगाव, असे त्यांनी मांडले. पाठवणे आणि पोहोचणे यांतल्या फटीवर इतका वाद होऊ शकतो, तोही काही क्षणांच्या फटीवर.

२००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ईमेलसाठी ही फट शब्दांत पकडायचा प्रयत्न केला. तेराव्या कलमाप्रमाणे, वेगळे काही ठरलेले नसेल तर, पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणक-यंत्रणेत नोंद शिरली की ती ‘रवाना’ झाली. आणि घेणाऱ्याने जी यंत्रणा नेमून दिली असेल तिच्यात शिरली की ‘मिळाली’. वाचली की नाही, याला जागाच नाही. १८७२ मधले ‘हाताबाहेर’ आणि २००० मधले ‘ताब्याबाहेर’ हे शब्द शेजारी ठेवून पाहावेत. आणि तांत्रिक बाजूने तो क्षण कुठला? २५०. लायब्ररीने जपून ठेवायचा तो आकडा, ती वेळ आणि पलीकडच्या सर्व्हरने सोबत उच्चारलेली पुढची अक्षरे. त्यात बहुधा त्याच्या स्वतःच्या रांगेतला क्रमांक असतो. म्हणजे समोरच्याचा आवक क्रमांक. अनेक लायब्ररी तो फेकून देतात.

बारावे कलम तर याहून मजेदार आहे. पोच मिळाल्याखेरीज हे पत्र बंधनकारक नाही, अशी अट पाठवणाऱ्याने घातली असेल आणि पोच आली नाही, तर ते पत्र कधी पाठवलेच नव्हते असे समजायचे. तंत्रज्ञाच्या कानाला हे विचित्र लागते, पण दोन सेनापतींच्या पेचावर कायद्याने काढलेला तो तोडगा आहे: खात्री होत नसेल तर काय मानायचे ते आधी ठरवून टाका.

कागदी टपालात कायदा पाठवणाऱ्याच्या बाजूने झुकलेला आहे. चेक न वटल्याच्या खटल्यात धारकाने बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवायची असते. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की योग्य पत्त्यावर रजिस्टर टपालाने नोटीस पाठवल्याचे दाखवले तर ती मिळाली असे गृहीत धरता येते. मिळाली नाही हे दाखवायचे ओझे घेणाऱ्यावर. या गृहीतकाच्या पाठीशी टपालखात्याची नोंदवही उभी असते, जी पाठवणाऱ्याचीही नाही आणि घेणाऱ्याचीही नाही. स्वस्तातला ‘यूपीसी’चा शिक्का, म्हणजे पत्र पेटीत टाकल्याचा नुसता दाखला, २०११ मध्ये बंद झाला. २०२५ मध्ये रजिस्टर टपालही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. ईमेलच्या बाबतीत असा तिसरा माणूस नाही. जावक वही पाठवणाराच लिहितो, आणि हवी तेव्हा बदलूही शकतो.

त्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ कडे पाहावे लागते; तो १ जुलै २०२४ पासून लागू झाला. इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर त्याच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागते आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात नोंदीचा गणिती ठसा लिहायला जागा आहे. म्हणजे सीव्हने सुटीच्या उत्तरांसाठी वापरला त्याच जातीचा ठसा. तो खटल्याच्या दिवशी काढण्यापेक्षा पत्र पाठवतानाच काढून वहीत ठेवला तर ‘नोटिशीचा मजकूर नंतर बदलला’ या आक्षेपाला उत्तर राहते. त्याहून पुढे जायचे असेल तर प्रत्येक ओळीच्या ठशात आधीच्या ओळीचा ठसा मिसळावा. मधली एक ओळ कुणी बदलली की पुढचे सगळे ठसे चुकतात. पान क्रमांक घालून शिवलेली वही आणि सुटी पाने यांत जो फरक, तोच. एवढ्यासाठी लायब्ररीत दहाबारा ओळी वाढतात. मात्र शेवटच्या ओळीचा ठसा दर महिन्याला कुठेतरी बाहेर, उदाहरणार्थ संस्थेच्या छापील इतिवृत्तात, उतरवायला हवा. नाहीतर बदलणारा सगळीच वही नव्याने लिहून काढेल.

राहता राहिला प्रश्न वही किती दिवस ठेवायची. सुटीच्या उत्तरांना आठवडा पुरतो. नोटिशीला तो वाद ज्या मुदतीत उभा राहू शकतो तितकी वर्षे. बाकीच्या पत्रांचा पूर्ण मजकूर साठवून ठेवण्याचा मोह टाळावा: लोकांचे पत्ते, थकबाक्या, आजारपणे त्यात असतात, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर अशी वही उघडी टाकणे धोक्याचे आहे. मजकुराऐवजी ठसा, पत्त्याऐवजी सभासद क्रमांक, त्यापुढे मेसेज-आयडी, ठरल्याची वेळ, २५० ची वेळ, पलीकडचा क्रमांक, आणि परत आल्यास शेरा. नोटिशीचा मूळ मसुदा मात्र एकदाच, वेगळा, जपून ठेवावा. मजकूर जवळ नसेल तर नुसता ठसा काहीच सिद्ध करत नाही.